बाळाच्या दुपट्यातलं लोखंड

आमच्या देवळीकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतात. पुढं लेकरू प्रवासाला निघालं, की त्याच्याजवळ काहीतरी लोखंड हवंच. मी आमच्या घरातली पहिली बी.एस्सी. लोखंडानं काय होतं आणि काय होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आईपुढं मी ते बोलत नाही. माझ्याआधीचा तिचा मुलगा आष्टीहून घरी येताना एसटीतच तापानं गेला. त्या दिवशी लोखंड घ्यायचं राहिलं होतं, एवढंच तिनं धरून ठेवलं.

माझं बाळंतपण माहेरी झालं. नवरा बंगलोरला नोकरीला. तो न्यायला आला तेव्हा बाळाला रेल्वेचे हाल नकोत म्हणून आम्ही नागपूरहून विमानाची तिकिटं काढली. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास.

निघताना आईनं नवऱ्याचं छोटं औजार मागून घेतलं. मुठीत मावणारं, उघडलं की चाकू, कात्री, पेचकस, डबा उघडायचं पातं, सगळं बाहेर येतं.

"विळा तं विमानात नेता येत नाई. हे नेजो. याच्यात सात लोखंडं हायेत."

"मग मोठ्या बॅगेत टाकू," मी म्हटलं.

"थे तं खाली जाते म्हणतात. लेकराजवळ काय राह्यलं मंग?"

"एवढंसं तर आहे, नेलकटरसारखं," नवरा म्हणाला. "कोण अडवतंय?"

आईनं ते दुपट्यात गुंडाळून बाळाच्या पिशवीत ठेवलं.

तपासणीच्या मशीनमधून पिशवी निघाली आणि पोलीसबाईनं ती बाजूला ओढली. दुपटं उलगडलं.

"ये चाकू किसका है?"

"बच्चे का," नवरा म्हणाला.

तिनं झोपलेल्या बाळाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "बच्चा सब्जी काटता है क्या?"

ते आत जाणार नव्हतं, आणि मोठी बॅग आधीच खाली गेली होती. डब्यात टाका, नाहीतर बाहेर कुणाला देऊन या, लवकर. डब्यात टाकून गुपचूप जाता आलं असतं. पण आई फोनवर विचारणारच, आणि तिच्याशी खोटं बोलणं मला जमत नाही. बाळाला घेऊन मी दाराशी आले. सोडायला आलेले आई-बाबा अजून कठड्यापलीकडंच उभे होते.

"काऊन आली वं परत?"

"हे चालत नाही आत. धार आहे ना."

आईनं औजार हातात घेतलं. "मंग नको जाऊ आज."

"खिळा आणू का कुठून?" बाबा इकडं-तिकडं पाहू लागले.

"तोही धरतील, बाबा." मग मी आईला विचारलं, "धार लागतेच का? का नुसतं लोखंड चालतं?"

आईनं विचार केला. "नुसतं चालते."

"मग तुझ्या बांगडीतली पिन दे."

तिनं पिन काढली, बोटांत फिरवून पाहिली. मग बाळाच्या झबल्याला आतून दुमड घालून टोचली आणि वरून तळवा दाबून धरला. घाई मलाच होती, तिला नव्हती.

आत पोलीसबाईनं हातातलं यंत्र बाळावरून फिरवलं, ते वाजलं.

"अब क्या?"

"पिन है. मेरी माँ ने लगाई है."

तिनं झबलं उलटून पाहिलं. पिनेचं टोक नीट बसलंय का, ते बोटानं चाचपलं. "चुभेगी नहीं," म्हणाली, आणि आम्हांला सोडलं.

मी आईला फोन लावून सांगितलं, पिन आत आली.

"बरं," ती म्हणाली. "आता आमी निंगतो."