बर्मादेव

गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका गावात, एका म्हातारीच्या देवघरात लाकडाचा बुद्ध आहे, असं शाळेतल्या एका शिक्षकानं मला सांगितलं. तेव्हा माझ्याकडं अशा अकरा जुन्या मूर्ती होत्या. मी कोल्हापुरात चित्रकला शिकवायचो. पहिली मूर्ती जुनी दारं-खिडक्या विकणाऱ्याच्या गोदामात सापडली होती, मोडक्या चौकटींच्या ढिगात, एक हात तुटलेली. तिथून वेडच लागलं. घरातली एक खोली मूर्तींनी घेतली. त्यांना वाळवी लागू नये, ओल लागू नये म्हणून मी जेवढं जपायचो तेवढं माणसांना जपत नाही, असं बायको म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचो.

रविवारी त्या गावाला गेलो. म्हातारी ऐंशीच्या आसपासची, काटक, मुलाबरोबर राहणारी. भातशेती, दोन म्हशी. देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी दीड वीत उंचीचा बुद्ध बसला होता, एक हात जमिनीला टेकवलेला. तेलानं आणि धुरानं काळा कुळकुळीत झालेला. कपाळावर कुंकवाचं जाड पुट.

"ह्यो आमच्या मामंजींचा बर्मादेव," ती म्हणाली. "ते बर्माच्या लढाईवर गेलतं. गावातली सहाजणं गेलती, ह्ये एकटंच माघारी आलं. संगट ह्यो."

"मावशी, हा बुद्ध आहे."

"असंल की. आमाला बर्मादेवच."

लग्न होऊन आल्यापासून ती रोज सकाळी त्याच्यावर तेलाचा हात फिरवत होती. कुंकू लावल्याशिवाय चूल पेटवत नव्हती. मूर्ती मला द्याल का, मी नीट जपेन, असं मी त्याच दिवशी विचारलं.

"देव कुणी देतंय व्हय, पावणं? च्या घ्या."

पुढची चार वर्षं मी जात राहिलो. कधी फोटो काढायच्या निमित्तानं, कधी तिच्या डोळ्यांची औषधं घेऊन. ती मला नाचणीची भाकरी वाढायची, घरचं तूप द्यायची. मूर्तीचं मी पुन्हा विचारलं नाही, पण प्रत्येक वेळी डोळे देव्हाऱ्याकडं जायचे आणि ते तिला दिसत होतं.

मग एका दुपारी मुलाचा फोन आला. आईला अर्धांगाचा झटका आला होता आणि कोल्हापुरात कुठं बेड मिळत नव्हता. माझा एक जुना विद्यार्थी मोठ्या दवाखान्यात डॉक्टर होता. त्याला सांगून तासाभरात सोय केली. हे मी काही मनात धरून केलं नव्हतं. निदान मला तसं आठवतं.

पाचव्या दिवशी मुलगा कापडी पिशवी घेऊन घरी आला. "सर, तुमी हुता म्हणून आई एवढं तरी हाय. आता ती काय उठत न्हाय, डॉक्टरबी तसंच म्हणत्यात. तुमचा ह्येच्यावर जीव हुता. घ्या."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "तिला विचारलंय का?"

त्यानं मान खाली घातली. "ती सुदीवर न्हाय, काकू."

मी नको म्हणायला हवं होतं. पण माझा हात तोवर पिशवीत गेला होता.

त्याच आठवड्यात मी मूर्ती साफ करायला घेतली. कापूस, टर्पेंटाइन, मऊ ब्रश. तीन दिवस बसलो होतो. काजळी निघाली, तेलाची खपली निघाली, कुंकू निघालं. खालून लाखेचा तांबडा थर आणि त्यावर सोन्याचा वर्ख दिसायला लागला. एवढा आनंद मला क्वचितच झाला असेल. बायको बघायला आली नाही.

तीन आठवड्यांनी म्हातारी घरी गेली. डावं अंग गेलेलं, जीभ जड, नजर जवळजवळ संपलेली. पण शुद्धीवर. पहिल्याच सकाळी तिनं देव मागितला. मुलानं सांगितलं, वाळवी लागली म्हणून सरांकडं दुरुस्तीला दिलाय. मग मला फोन केला. "आणून ठेवा की थोडं दिस, सर. तिचं झालं की परत न्या."

आणतो म्हणालो आणि दोन महिने गेलो नाही. पाऊस होता, रस्ता खचला होता, तिकडच्या ओलीनं वर्ख सुटला असता. सगळी कारणं खरी होती. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हाही तीच सांगितली. तिसऱ्यांदा त्यानं मूर्तीचं काढलंच नाही. आई नीट जेवत नाही, एवढंच बोलला. माझा चेहरा बघून बायकोनं विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "उद्या सकाळी निघायचं. मी पण येते."

म्हातारी खाटेवर पडून होती. मी मूर्ती तिच्या छातीशी ठेवली. उजव्या हाताचा अंगठा तिनं चेहऱ्यावरून फिरवला, मांडीवरून, पुन्हा कपाळावरून. मग नाकाशी नेली.

"ह्यो न्हवं."

"मावशी, हाच आहे. मी फक्त स्वच्छ केलाय."

"आमचा तेलकट हाय. कपाळाला कुकू हाय. बोट लावलं की कळतंय मला." मग तिनं विचारलं, "पावणं, आमचा कुठं ठेवलाय तुमी?"

"आई, त्योच हाय," मुलगा म्हणाला.

"तू गप."

बायकोनं आतून तेल आणलं, मूर्तीला चोळलं, कुंकू लावलं आणि पुन्हा तिच्या हातात दिली. म्हातारीनं ती हळूच बाजूला सारली. "नवा देव हाय. ज्येचा हाय त्येला द्या." ती चिडली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मूर्ती तिथंच ठेवून आम्ही निघालो.

नंतर कळलं की तिनं ती देव्हाऱ्यात ठेवूच दिली नाही. मुलानं भाताच्या कणगीवर ठेवली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारायची, पावण्यानं आमचा देव आणला काय. महिनाभरात ती गेली.

मी भेटायला गेलो तेव्हा सोप्यात बसलेल्या बायका बोलता बोलता थांबल्या आणि माझ्याकडं बघत राहिल्या. सगळ्या गावाला माहीत होतं.

मुलानं फडक्यात बांधलेली मूर्ती आणून माझ्यापुढं ठेवली. "न्या, सर."

"राहू दे इथंच. तुमचाच आहे."

"आई नगं म्हटली. तिनं नगं म्हटलेलं घरात कसं ठेवू?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं चहा मागवला. मी कप तोंडाला लावला तेव्हा तो गुडघा चोळत म्हणाला, "तुमच्या त्या डॉक्टरास्नी माझा गुडघा दाखवता येईल काय? चिखलात हुबं राहवत न्हाय आता."

मी अंगणात जाऊन फोन लावला. सोमवारची वेळ मिळाली.