विमलताईंनी मागवलेली मोजणी

विमलताईंच्या तोंडी लागू नये, हे बाभुळगावच्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. नवरा गेल्यावर पिठाची चक्की अन् मिरची कांडपाची मशीन बाईनं एकटीनं चालवली. कुणाची मिंधी राहिली नाही, पण कुणाला सोडलंही नाही. सगळ्यात जास्त डोळ्यांत सलायचा तो समोरचा निजामुद्दीन वेल्डिंगवाला.

गल्लीतले दिवे दिवसभर लपलप करायचे. कुणाचा टीव्ही जळाला, कुणाचा फ्रिज बसला. निजामुद्दीनच्या दुकानात ठिणग्या उडताना साऱ्यांना दिसत होत्या, मग चोर शोधायला जायचं कशाला! ताईंनी घरोघरी हेच भरवलं. लोकांनी त्याला गेट-ग्रिलचं काम सांगणं सोडलं. त्याची बायको सुग्राबी नळावर आली की बाया हंडे उचलून चालू पडायच्या. एवढ्यानंही जीव निवला नाही, तेव्हा ताई वीज कार्यालयात जाऊन ठाण मांडून बसल्या. त्याची लाइन कापा, नाहीतर मी उठत नाही, म्हणाल्या.

अर्पिता नावाची इंजिनिअर आली. तिनं गल्लीला वीज देणाऱ्या डीपीवर तारांना चिमटे लावून अ‍ॅनालायझर बसवला. विजेचा दाब किती अन् कसा हलतो, ते हे यंत्र आठवडाभर टिपणार होतं. ज्याच्यामुळं हलतो त्याची लाइन बंद, दोष दूर होईपर्यंत. सगळ्यांनी कामं रोजच्यासारखी चालू ठेवा, असं तिनं बजावलं.

ऐकतील त्या ताई कसल्या! त्यांनी त्याच दिवशी चक्की अन् कांडप दोन्ही बंद केलं. "माह्या मशीनचं निमित्त नको त्याले," म्हणाल्या, अन् ऐन मिरचीच्या दिवसांत बायांना डब्यासकट माघारी धाडलं. निजामुद्दीन पोटासाठी वेल्डिंग मारतच राहिला. दिवे मात्र लपकेनात. लोक कोड्यात पडले, तर ताई म्हणाल्या, यंत्राच्या धाकानं मेला जपून मारून राह्यला.

आठवड्यानं अर्पितानं यंत्राच्या पडद्यावरची सरळ रेघ पाहिली, आठवडाभर कुणाचं काय बंद होतं ते विचारलं अन् ताईंना कांडप चालू करायला लावलं. ते ऐकून बाया मिरचीचे डबे घेऊन आल्या. मुसळं दणादणा पडू लागली. घावागणिक रेघ खाली जात होती अन् घरोघरचे दिवे लपकत होते. गल्लीनं ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं. अर्पितानं तिथल्या तिथं ताईंची लाइन बंद करायला लावली.

निजामुद्दीन रस्ता ओलांडून आला. मागं सुग्राबी होती.

"ताई, हिच्यासमोर एकडाव म्हना, चुकलं. मले दुसरं काही नको."

आपण चुकलो हे ताईंना लख्ख कळत होतं, पण जीभ वळेना.

"यंत्र खोटं नसन," त्या म्हणाल्या. "पण तू मले आधीही खपत नव्हता, अन् आताही नाही."

"मंग सरळ तसं म्हनायचं होतं. मधात दिवे कायले आनले?"

बाया आपापले डबे उचलून निघाल्या, अन् ताईंना एकीनंही हाक मारली नाही.