देशमुखाचा नीलम

देशमुखाला माझा विटाळ नको होता. म्हणून दगड बांधायचं काम त्यानं माझ्या बापाकडून करून घेतलं.

भर दुपार. त्याच्या ओट्याखाली मी दंड उघडा करून उभा. बापाच्या हातात काळा दोरा, दोऱ्यात फडक्याची पुरचुंडी, तिच्यात निळा खडा. नीलम. शनीचा. लाभला तर राजा करतो, लागला तर घर बुडवतो, असं सगळेच मानत. म्हणून अंगठीत बसवण्याआधी तो पारखून पाहायचा. लोक स्वतःच्या उशाखाली ठेवून पाहतात. देशमुखाला तेवढाही धोका नको होता. त्याला महाराचा दंड स्वस्त पडत होता.

"लागला त तुले लागन," तो वरून म्हणाला. "काई झालं नाई त गोमूत्रानं धुऊन मी घालीन."

दगड गोमूत्रानं शुद्ध होणार होता. मी नाही.

बापानं गाठ मारली. मी मान खाली घालून "जी मायबाप" म्हणालो. त्या "जी"ची मला आजही शिसारी येते.

घरी बायकोचे दिवस भरत आले होते. दोरा पाहून ती भिंतीला टेकली.

"काहून बांधून घेतलं तुमी? माह्या पोटात लेकरू हाय."

महारवाडा बदलला. ज्यांची सावली गावाला नको, ते माझी सावली टाळू लागले. कुणाची बकरी मेली, बोट माझ्याकडं. आई मला चुलीपाशी येऊ देईना. राग कुणाचा करू? मलाच माझी भीती वाटत होती.

शेवटी बायकोच म्हणाली, "सोडून पाहा त खरं, काय हाय ते."

पुरचुंडी सोडली आणि मी चमकलो. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी मी भंडाऱ्याकडं खाणीवर होतो. हा दगड तिथं आम्ही पाट्या भरभरून निवडायचो. लांबट, चपटा, अंगावर उभ्या रेघा. उन्हात धरला तर मध्ये गर्द निळा, कडेला पांढुरका. फिरवला की निळा फिका पडला. तरी मन खात होतं. विळ्याचं टोक उभं ओढलं. ओरखडा उठला. आडवं ओढलं. टोक घसरलं. नीलमावर विळा कुठूनच चालत नाही. खाणीवरचा बाबू याला कायनाइट म्हणायचा. भट्टीच्या विटांसाठी तो गाड्या भरून जायचा.

बायको हसली. मी तसाच देशमुखाकडं धावलो.

"मायबाप, हा नीलम नाई. पाहा, ओरखडा पडते. सोडा मले."

त्यानं लांबूनच पाहिलं. तोंड जरा उतरलं. मग म्हणाला, "नाई त नाई. मंग तुले भेव कायचं? मी म्हनतो तवर ठेव बांधून."

तिथं माझे डोळे उघडले. दगड खोटा ठरवून मी सुटका मागायला आलो होतो. दगड खोटा निघाला, पण दंड त्याचाच राहिला. आणि खरा नीलम असता तर मी मुकाट्यानं मेलो असतो? इतके दिवस तेच तर करत होतो. लाज वाटली. भीतीहून मोठी लाज.

दोरा तोडला. दगड ओट्यावर ठेवला. खाली नाही, वर, त्याच्या बैठकीला लावून.

"खरा असता तरी आता नाई बांधनार."

देशमुख ओरडला नाही. हळूच म्हणाला, "तुही बायको बाळंत होनार हाय ना? पाहू."

पहाटे कळा सुरू झाल्या तेव्हा सुईण सापडेना. देशमुखानं तिला बोलावून आपल्या गोठ्यात बसवून ठेवलं होतं. त्याच्या घरी कुणी बाळंतीण नव्हती. बाप जाऊन पाया पडला. आई जाऊन रडली. सुईण आली तेव्हा उन्हं कलली होती. पोरगी झाली. रडली नाही.

गाव म्हणालं, नीलम लागला. देशमुखही तेच सांगत फिरला. पोरीला पुरून आलो तेव्हा बापही तेच पुटपुटला.

"दगडाचं नाव नको घेऊ, बा," मी म्हणालो. "सुईन दगडानं नाई अडवली."

अडवली त्या माणसाचं नाव मी चावडीवर घेतलं. मानोऱ्याच्या बाजारात घेतलं. जिथं माणसं जमतील तिथं घेणार आहे. यापुढं माझ्या घरात कुणी मेलं, तर मी शनीला विचारायला जाणार नाही. मारणाऱ्याच्या दारात जाईन.