एका कॉम्प्युटरात दोन चुली

मशीनवर भरतकाम करून देणारे सगळे तिला पंचवाली म्हणत. कपड्यावर जे चित्र उठवायचं ते आधी कॉम्प्युटरवर टाक्याटाक्यानं मांडायचं, म्हणजे पंच करायचं, हे तिचं काम. सुई कुठं शिरेल, दोरा कुठून वळेल, कुठं तुटेल, सगळं ती ठरवायची. मशीन नुसता हुकूम पाळायचं. बाईचा हात तयार, पण काळीज चिमणीचं. पडद्यावर एखादी चौकट उघडली, की आत काय लिहिलंय ते न बघताच फटकन बंद करायची. अंगावर आलेलं झुरळ झटकावं तशी.

तिचा प्रोग्राम जुना. तो विकणारा दुकान आवरून कधीच गेला होता. म्हाताऱ्या बैलाला आपलाच गोठा मानवतो, तशी त्या प्रोग्रामला एकच जुनी सिस्टिम मानवायची. आता धाकट्या जावेला घरबसल्या करायचं काम मिळालं होतं, उद्यापासून सुरू, आणि त्याला दुसरीच सिस्टिम हवी होती. घरात कॉम्प्युटर एकच.

"ताई, दोन्ही ठेवता येतात," धाकटी म्हणाली. "चालू केला की विचारतो, यात जायचं की त्यात."

"आणि एकमेकांच्या उरावर बसले तर?"

"डिस्कची वाटणी करायची. मध्ये भिंत घालते ना."

"वाटणीचं मला सांगू नकोस. माझ्या माहेरी भावाभावांनी विहीर वाटली. पाणी कुणालाच पुरलं नाही."

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "एका घरात दोन सुना नांदतात, तर डब्याचं काय एवढं?"

"नांदतात, कारण एक मुकाट बसते," पंचवाली म्हणाली. ती कोण, ते कुणी विचारलं नाही.

नाही म्हणावं तर धाकटीच्या पोटावर पाय. हो म्हणावं तर आपल्या. दवाखान्यातल्या नर्सच्या गणवेशावरचं चिन्ह उद्या सकाळी मशीनवाल्याला द्यायचं होतं, आणि सकाळपासून बसून ते निम्मंच झालं होतं. शेवटी सगळी डिझाइनं पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, पेनड्राइव्ह मुठीत आवळला आणि ती धाकटीच्या मागं उभी राहिली.

दुपारी धाकटीनं वाटणी केली. पडद्यावर पट्टी इंचाइंचानं सरकत होती. पंचवाली एकदा पाणी प्यायली, एकदा उगाच दार लावून आली, परत उघडून आली. नवी सिस्टिम बसली, सुरू झाली, छान दिसली. मग बंद करून जुनी उघडली. तीही आली. डिझाइनं जागच्या जागी.

"बघा," धाकटी म्हणाली. "केसालाही धक्का नाही."

पंचवालीनं आपला प्रोग्राम उघडला. एक चौकट आली. तिनं झटकली. प्रोग्राम मिटला. परत उघडला, परत चौकट, परत झटकली. तिसऱ्यांदाही तेच. मुठीतला पेनड्राइव्ह काय कामाचा? त्यातली डिझाइनं उघडायलाही हाच प्रोग्राम लागणार. उद्या मशीनवाला दारात उभा राहणार, आणि परवा दुसऱ्या पंचवाल्याच्या.

"संपलं," ती खुर्चीत बसत म्हणाली. "गेला माझा प्रोग्राम. तरी सांगत होते."

"ताई, त्यात काय लिहिलंय?"

"काय लिहिणार? बसत नाही आता, असंच काहीतरी."

"वाचलंत?"

पंचवालीनं प्रोग्राम परत उघडला.

"माऊसवरचा हात काढा," धाकटी म्हणाली. "मांडीवर ठेवा. दोन्ही."

या वेळी चौकट तशीच राहिली. पंचवालीचा हात दोनदा उठला, धाकटीनं दोनदा खाली दाबला. पंचवाली एकेक शब्द लावत वाचू लागली. या कॉम्प्युटरची वेळ मागं नेलेली आढळली, म्हणून परवाना थांबवला आहे. वेळ दुरुस्त करा.

दोघींनी एकदमच खालच्या कोपऱ्यात पाहिलं. बाहेर ऊन कलायला आलेलं, आणि कॉम्प्युटरात अजून सकाळच होती.

धाकटीनं फोनवर शोधून काढलं. कॉम्प्युटरच्या पोटात घड्याळ एकच. नवी सिस्टिम ते जगाच्या वेळेवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागं, लावते आणि आपल्या गावची वेळ हिशेब करून दाखवते. जुनीला तो हिशेब ठाऊक नाही; पोटातलं घड्याळ दाखवेल तेच तिला खरं. प्रोग्राम आज सकाळी चालला होता, आणि आता त्याला त्याच्याही आधीची वेळ दिसली. त्याला वाटलं, परवान्याची मुदत लांबवायला बाई लबाडी करतेय.

"म्हणजे मोडलं नाही?"

"रुसलंय."

वेळ सरळ केली. प्रोग्राम उघडला. अर्धं चिन्ह सकाळी सोडलं होतं तिथंच होतं. पंचवाली कामाला लागली. दिवेलागणीपर्यंत मान वर न करता तिनं ते पुरं केलं आणि मशीनवाल्याला पाठवलं.

मग धाकटी येऊन उभी राहिली. "उद्याची तयारी करायची होती. नव्या सिस्टिमला सांगते, घड्याळाला हात लावायचा नाही. तसं सांगता येतं."

"ऐकेल?"

"ऐकायला पाहिजे."

पंचवालीनं खुर्ची दिली, पण खोलीतून गेली नाही. स्टूल ओढून शेजारी बसली. "झालं की जुनी उघडून दाखव," ती म्हणाली. "चौकट आलीच तर बंद करू नकोस. मला वाचू दे."