कुलसुमभाभीची टाकी

हुपरीत आमच्या गल्लीत घर तिथं चांदीच्या पैंजणाचा कारखाना. त्यातला एक माझा आणि शेजारचा कुलसुमभाभींचा. त्यांचे यजमान दस्तगीरभाई गेल्यावर ही बाई आता घुंगरं विकून मोकळी होणार, असं सगळ्यांना वाटलं होतं. तिनं कारखाना दुप्पट केला. तरी बघाल तर कारागिरांच्या मधेच बसलेली, चष्मा दोरीनं गळ्यात, हातात पक्कड. नवखा माणूस तिलाच विचारतो, "मालक कुठायत?"

भाभींची एक खोड मला अजिबात सहन होत नाही. कुणालाही विचारतात, "तुमचं कसं म्हणणं?" स्वतःचं ठरलेलं असलं तरी विचारतात. नवी नक्षी खपली की, "शालननं काढलीय," म्हणून कामावरच्या बाईचं नाव सांगतात आणि पडून राहिली की म्हणतात, "माझं चुकलं." मी असते तर उलट केलं असतं, हे मी मोकळेपणानं सांगते.

पैंजण शेवटी ॲसिडच्या पाण्यात उजळायचा आणि पाणी गटारात सोडून द्यायचं, हे आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. गटार ओढ्याला मिळतं. ओढ्याकाठचं गवत म्हशीसुद्धा हुंगून सोडायच्या. गेल्या वर्षी कोल्हापूरच्या गुजरीतला, म्हणजे सराफ बाजारातला, एक व्यापारी मोठी ऑर्डर घेऊन भाभींकडं आला. अट एकच, ज्या कारखान्याचं घाण पाणी बाहेर जात नाही, त्याचाच माल घेणार. मुदत दिवाळीपर्यंत.

भाभींचा मुलगा तोहिद हुशार. म्हणाला, "अम्मी, आपल्या परसात छोटी टाकी बांधू. ऑर्डर आपली."

"आणि बाकीच्यांचं पानी?"

"जाईल की गटारात."

"मग वढा कसा साफ व्हईल?" भाभी म्हणाल्या. "घेतली तर गल्लीची ऑर्डर घ्यायची, न्हायतर न्हाय." पोरगा डोक्याला हात लावून बसला. त्याचं लग्न तोंडावर होतं आणि कारखान्यात काम कमी होतं.

सगळ्या गल्लीची मिळून एक टाकी, असं ठरवायला भाभींच्या अंगणात बैठक झाली. उतार असा की टाकी गल्लीच्या शेवटी, यल्लाप्पाच्या मोकळ्या जागेतच होऊ शकत होती. आणि यल्लाप्पा म्हणजे आमच्या गल्लीतला सर्वांत संशयी प्राणी. आम्ही सगळेच कारखान्यातला केर आणि पाण्याच्या तळाचा गाळ जपून ठेवतो, त्यात चांदीचे कण असतात म्हणून. हा माणूस दारात पाय झटकून घेतल्याशिवाय कारागिराला घरी सोडत नाही!

"माझी चांदी सगळ्यांच्या गाळात?" तो गरजला. "न्हाय जमायचं!" आणि चहा न पिता उठून गेला.

मी भाभींना म्हटलं, चार माणसं नेऊन दम देऊ. भाभी एकट्याच गेल्या. काळजी वाटली म्हणून मी मागनं गेले. समजूत घालायचं नावच नाही. बाई खाली बसल्या आणि विचारलं काय, तर, "अण्णा, टाकी कशी बांधली तर तुमाला झोप लागंल?"

यल्लाप्पाला असं कुणी आजवर विचारलंच नसावं. खडूचा तुकडा शोधून आणला. मग खडूनं फरशीवर आखायला लागला. प्रत्येक घराचा कप्पा वेगळा, गाळ ज्याचा त्याला. पुढं पाणी तेवढं एकत्र, चुना घालून निवळायचं आणि परत धुण्यालाच वापरायचं. कप्प्यांना झाकण, झाकणाला कुलूप. "आणि किल्ल्या माझ्याकडं!"

माझं टाळकंच सरकलं. भाभी म्हणाल्या, "ठेवा की."

वाटेत मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्याचा कुणावर इश्वास न्हाय, म्हणून तर किल्ल्या त्याच्याकडं. राखणदार बिनघोर असून चालंल व्हय?"

टाकी दिवाळीआधी झाली. गवंडी शोधण्यापासून सिमेंट भिजवण्यापर्यंत भाभी राबल्या. लगेच व्यापारी आपल्या परगावच्या गिऱ्हाइकांना पाहुणे म्हणून घेऊन बघायला आला. आम्ही सगळे जमलो. पाहुण्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

यल्लाप्पा छाती काढून पुढं झाला. "मी! माझी टाकी हाय ही, पावणं. एक थेंब बाहेर गेला तर नाव सांगणार न्हाय." व्यापाऱ्यानं हार त्याच्याच गळ्यात घातला, ऑर्डर पक्की केली. मी तोंड उघडणार तोच भाभींनी माझं मनगट धरलं. पाहुण्यांनी त्यांनाही विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी ह्यांची शेजारीण."

पाहुणे गेल्यावर मी भाभींवर अक्षरशः ओरडले. "भाभी, लाज कशी वाटली न्हाय त्याला? 'माझी टाकी' म्हणाला तो!"

भाभी खुदकन हसल्या. इतक्या खूश मी त्यांना दस्तगीरभाई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"म्हणाला न्हवं? अगं संयोगिता, ह्याच शब्दाची वाट बघत हुते मी. आता एक एक करून गल्लीतल्या सगळ्यांनी म्हणायला पायजे. तू कधी म्हणतीस?"