रूहीने न वाचलेला अहवाल

जुन्नरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत रूही मणियारचं एका खोलीचं ऑफिस आहे. लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देणं हा तिचा धंदा. वडील जत्रांमधून बांगड्या विकायचे, बी.कॉम. झालेली घरातली ती पहिलीच. मध्यंतरी पैसे दुप्पट करून देणारी एक स्कीम तालुक्यात आली होती. रूहीने येईल त्याला सांगितलं, यात पडू नका. पुढे स्कीमवाले पळाले आणि तिचं नाव झालं. शेअर घ्यायचे तर आधी रूहीताईला विचारा, असं लोक म्हणू लागले. तिलाही ते आवडायचं.

महाळुंगे पडवळचा यमाजी तिच्याकडे आला तो जुलैच्या गर्दीत. त्याचे वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. यमाजीने मात्र सारी हयात एसटी चालवली आणि नुकताच रिटायर झाला होता. रिटर्नची कागदपत्रं देऊन झाल्यावर तो उठला नाही.

"ताई, एक कंपनी हाय. ट्रकवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवती. कुठली गाडी कुठं पोचली, येताना रिकामी येनार का भरून, समदं मोबाइलवर दिसतं. धंदा मला पटतो, गाड्यांमदीच जिंदगी गेली माझी. पण कंपनी आतून कशी हाय ते मला कळत न्हाई. तिचं शेअर घिऊन दहा वर्सं हात न लावता ठेवायचं, असं म्हनतोय. तुमी जरा बघता का?"

"वार्षिक अहवाल वाचावा लागेल. वाचून सांगते," रूही म्हणाली.

अहवाल तिने मोबाइलवर उतरवून घेतला. पहिल्या पानावर ट्रकची रांग होती आणि हसणारे साहेब. तिथून पुढे ती गेलीच नाही. रोज ऑफिसबाहेर बाकावर माणसं बसलेली. एकदा चपात्या लाटताना तिने त्या कंपनीवरचा एक व्हिडिओ लावला. कंपनी चांगली आहे, असं बोलणारा मुलगा भलताच खात्रीने सांगत होता.

यमाजी पुन्हा आला. "वाचला का ताई?"

"वाचला," ती म्हणाली. "चांगली आहे. लांबच्या हिशेबाने ठेवा."

तिला वाटलं होतं, तो आणखी काही विचारेल. त्याने काही विचारलं नाही. हात जोडले आणि गेला.

यमाजीने शेअर घेतले. भाव वाढला. दिवाळीपर्यंत चांगलाच वाढला. यमाजी आणि त्याची बायको तानूबाई मटाराची पिशवी घेऊन रूहीच्या घरी आले. मग त्यांच्या गावच्या बचत गटाच्या बायकांनी तिला बोलावलं. देवळापुढच्या सभामंडपात सतरंजी अंथरली होती. चांगली कंपनी कशी ओळखायची यावर रूही बोलली, आणि छान बोलली. शेवटी तानूबाईने तिला शाल दिली आणि समोर बसलेल्या कॉलेजच्या पोरींना म्हणाली, "हिच्यावानी व्हा. आमच्यासाठी येवढालं इंग्रजी पुस्तक पार शेवटापर्यंत वाचलं हिनं, तवा सांगितलं."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. रूहीचे कान तापले. पुढे चहा आला, बायका काहीबाही विचारत राहिल्या, तिला नीट उत्तरंही देता येईनात.

रविवारी सकाळी तिने ऑफिस उघडलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि अहवाल वाचायला बसली. दुपारचं जेवण राहून गेलं. कंपनी खोटी नव्हती. सॉफ्टवेअर खरं होतं, ट्रकही खरे होते. पण निम्म्याहून जास्त उत्पन्न एकाच मोठ्या गिऱ्हाइकाकडून येत होतं, आणि त्याच्याशी असलेला करार पुढच्या वर्षी संपत होता. ते गिऱ्हाईक स्वतःचंच सॉफ्टवेअर तयार करतंय, हेही एका कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं. विक्री दाखवली होती, पण त्या विक्रीचे पैसे कंपनीच्या हातात आलेले नव्हते. दहा वर्षं डोळे मिटून ठेवावी अशी ती कंपनी नव्हती. आणि हे सगळं जुलैमध्येही तिथेच होतं.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला, फुरकानला, सांगितलं.

"भाव तर वाढलाय ना? मग बिघडलं काय?" तो म्हणाला.

"बिघडलं नाही म्हणून तर शाल मिळाली," रूही म्हणाली. "त्या शालीकडे बघवत नाही मला."

तरी जायला तिने आठवडा लावला. रोज वाटायचं, फोन करून नुसतं 'आता विका' म्हणावं. सल्ला बदलला, एवढंच कळेल. नाव शाबूत राहील. हा विचार पुन्हा पुन्हा येतो याचीच तिला जास्त लाज वाटली.

शेवटी ती स्कूटरवर महाळुंग्याला गेली. यमाजी ओट्यावर बसला होता, तानूबाई मेथी निवडत होती. रूहीने कंपनीत काय काय आढळलं ते सांगितलं.

"हे आत्ता कळलं व्हय?" यमाजीने विचारलं.

"नाही. तेव्हाच कळलं असतं. मी अहवाल वाचलाच नव्हता."

तानूबाईचा हात थांबला. "पर तुमी तर वाचला म्हनला व्हता."

"खोटं बोलले."

यमाजी म्हणाला, "न्हाई वाचला म्हनला असता तर मी थांबलो असतो, ताई. मला कुटं घाई व्हती." आवाज चढलेला नव्हता. तानूबाईने चहा केला. रूहीने तो मान खाली घालून प्यायला.

आपण अहवाल न वाचताच सल्ला दिला होता, हे तिने बचत गटाच्या बायकांनाही जाऊन सांगितलं. काहींना ते कळलंच नाही. भाव वाढला असताना ही माफी कसली मागते, असं त्यांना वाटलं. एकदोघी हसल्या.

यमाजीने शेअर विकले. नंतर भाव थोडा आणखी चढला, मग करार संपल्याची बातमी आली आणि उतरला. त्याबद्दल यमाजी एका शब्दाने बोलला नाही. पुढच्या जुलैत मात्र तो आपली कागदपत्रं मंचरला दुसऱ्या कुणाकडे घेऊन गेला.

एकदा जुन्नरच्या बाजारात तो समोर आला. "बरं हाय ना ताई? पोरं बरी हायती?" त्याने नेहमीसारखं विचारलं. रूही म्हणाली, बरं आहे. तो पिशवी सावरत गर्दीत निघून गेला, आणि रूही भाजी घ्यायची सोडून तिथेच उभी राहिली.