सहा जणींचे सांडगे

नणंदेच्या लग्नाचे सांडगे घालायचे होते, तेव्हा मला सासरी येऊन तीनच महिने झाले होते. आमच्या बेला गावाकडे रीत अशी की पाच सुवासिनींनी एकाच धोतरावर सांडगे घालायचे. प्रत्येकीने मनाला येतील तितके घालावेत, पण एकीचे, म्हणजे पाच, सात, नऊ असे. सगळे मिळूनही एकीच यायला हवी. बेकी आली तर शुभ नाही.

मोजायचं काम आत्याबाईंचं, म्हणजे सासऱ्यांच्या बहिणीचं. त्या विधवा, म्हणून वाटल्या डाळीला हात लावत नसत. पण नजर त्यांचीच.

चौघींचं घालून झालं होतं, पाचवी मी होते. तेवढ्यात निर्मल गावाहून आलेली सासूबाईंची बहीण, म्हणजे मावशी, बैलगाडीतून उतरली. आत्याबाईंनीच तिला हाताला धरून बसवलं. "दारात आलेली सुवासीन रिकामी काऊन बसवायची? घाल तू बी." मावशींनी घातले, मग मी घातले. अकरा. मनात तीनदा मोजून घातले.

आत्याबाईंनी मोजलं. चव्वेचाळीस. पुन्हा मोजलं, तरी चव्वेचाळीस.

"बेकी आली! कोणी घोटाळा केला?"

सांडगे एकमेकांत मिसळलेले, कोणाचे कुठले ते कळायला मार्ग नव्हता. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी नवी, शेवटची आणि पदर नाकापर्यंत ओढलेला.

"चौथी शिकली म्हणे," आत्याबाई म्हणाल्या. "अन् हिले धड मोजता येत नाही! सूनबाई, आता लग्नाच्या एकाबी कामाले हात लावू नको."

या घरात माझ्यासमोर होणारं ते पहिलंच लग्न. डोळे भरून आले. पण मनातल्या मनात मी जोड्या लावत होते, आणि लावता लावता रडू थांबलं. लहानपणी पैनगंगेपल्याडच्या शाळेत आम्ही चिंचोक्यांनी एकी-बेकी खेळायचो. मूठ उघडली की मोजत बसायचं नाही, नुसत्या जोड्या लावायच्या.

मोठ्यांसमोर मी तोंड उघडत नसे. मी नणंदेच्या कानात सांगितलं.

"आत्या, वैनी म्हणते कोणाचीच चूक नाही."

"मंग काय सांडग्यांची चूक हाय?"

सगळ्या हसल्या. नणंद पुढचं सांगू लागली आणि तिसऱ्याच वाक्याला अडकली. मग मीच टोपलीतली मूठभर सरकी घेऊन जमिनीवर बसले.

"आत्याबाई, एकेकीच्या सांडग्यांच्या जोड्या लावा. पाच असले तं एक उरते. अकरा असले तरी एकच उरते. आमी सहा जणी, म्हणून सहा एकटे उरले." मी सरकीचे सहा दाणे बाजूला ठेवले. "आता या एकट्यांच्या आपसात तीन जोड्या लागल्या. कोणीच उरलं नाही."

"अन् म्या सतरा घातले असते तं?" मावशींनी विचारलं.

"तरी एकच उरला असता."

"एकशे एक?"

"तरी बी एकच."

आत्याबाईंनी सरकी स्वतःकडे ओढली. आम्हाला पाठ करून एकीचे सहा ढीग लावले, मग एकत्र करून जोड्या लावल्या. बेकी. ढीग बदलून पुन्हा लावले. बेकीच.

"म्हणजे कोणी कितीबी घालो?"

"सहा जणी असल्या तं बेकीच येते. पाच असत्या तं एक एकटा उरला असता."

आत्याबाईंनी पाचांत सहावी झालेल्या मावशींकडे पाहिलं.

"माह्याकडं काय पाहतं वं?" मावशी म्हणाल्या. "मले तं तूच ओढून बसवलं!"

सासूबाई इतक्या हसल्या की डाळीचा हात कपाळाला लागला.

"मंग आता?" आत्याबाईंनी विचारलं. या वेळी मलाच.

"सातवी बोलवा."

शेजारची काकू हात धुऊन आली. तिला आधीचं काही ठाऊक नव्हतं. "किती घालू?"

"मनाले येतील तितके घाला," मी म्हणाले, "फक्त जोडीनं संपवू नका."

काकूंचं झाल्यावर आत्याबाई धोतरावर वाकल्या आणि पहिल्यापासून मोजू लागल्या. त्या अठरा-एकोणीसवर असतील, तेवढ्यात सासूबाई मला म्हणाल्या, "बसून काऊन राह्यली? ऊठ, जातं पुसून घे. नवरीची हळद तुलेच दळायची हाय."